नदीचा टाळ कोण वाजवणार?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात नायगाव येथे केलेले भाषण)

दिंडीची शंभर वर्षं पुरी झाली, त्या सोहळ्यात आम्हाला दोन शब्द बोलायला उभं केलंत. मंडळींनी आधीच बजावलंय, बुवा, कीर्तन नको, भाषण करा. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनात अभंग पुढं असतो, माणूस त्याच्या मागं लपतो. भाषणात लपायला जागा नसते. चुकलंमाकलं पदरात घ्या.

हे नायगाव आम्हाला परकं नाही. आमचं गाव खेड तालुक्यात, भीमेच्या काठाला. वडील इथल्या एका गिरणीत कामाला होते. गावकीची एक खोली, तिच्यात वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणं झोपायचे. एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, खुंटीला टाळ. रात्रपाळी नसेल तो भजनाला. आषाढी जवळ आली की रजेचा अर्ज. मंजूर झाली तर ठीक, नाही तर बिनपगारी, पण वारी चुकली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातलेच ते एक. ते परत आत गेलेच नाहीत. गावी येऊन कांदा लावला. वारी मात्र याच दिंडीतनं केली, शेवटपर्यंत.

वारीहून वडील खोलीवर परतायचे तेव्हा पिशवीत बुक्का, चुरमुरे, तुळशीची माळ आणि बुचाच्या बाटलीत चंद्रभागेचं तीर्थ असायचं. एका वर्षी आम्ही लहान असताना इथं होतो. चाळीच्या गॅलरीत रांग लागली. पळीनं एकेकाच्या तळहातावर थेंब थेंब. म्हातारीकोतारी, पाळणाघरातनं उचलून आणलेली पोरं, सगळी तीर्थ घेऊन हात डोळ्याला लावत होती. बाटली सरत आली तशी एका मावशीनं तिच्यात तांब्याभर नळाचं पाणी घातलं आणि मागं राहिलेल्यांना दिलं. कुणाला कमी-जास्त वाटलं नाही. तीर्थ ते तीर्थ.

आता आमची गोष्ट सांगतो. ही आम्ही कीर्तनात कधी सांगितली नाही. गेल्या आषाढीला चंद्रभागेत स्नान केलं, ओंजळ भरली, ओठाला लावली आणि गिळली नाही. हळूच सोडून दिली. शेजारी आपल्याच दिंडीतली एक आजी होती. तिनं बघितलं, ती काही बोलली नाही. मग आमचं लक्ष गेलं, तिची पण ओंजळ तशीच बोटांतनं गळाली. घरी बाटली नेली. सूनबाईनं देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि नातवाचा हात पोचणार नाही अशी वरच्या फळीवर सरकवली. आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चाळीस वर्षं आम्ही तोंडानं चंद्रभागेचा महिमा गातोय आणि त्याच तोंडानं तिचं पाणी थुंकलं. हे मनातनं जाईना, म्हणून आज इथं बोलायचं ठरवलं.

आपल्या सोहळ्यात समाजआरतीची रीत आहे. जुन्यांना माहीत आहे, नव्या पोरांनी ऐकावं. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीवर वाटेत अन्याय झाला असेल, कुणाचं काही हरवलं असेल, पाणी मिळालं नसेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं जातात, तक्रार ऐकतात, निवाडा करतात, तेव्हा तो टाळ थांबतो आणि मग आरती होते. लाखांचा समाज, पण एका दिंडीच्या टाळासाठी माऊलींची आरती खोळंबते. आमच्या मते याच्याहून सोपं कोर्ट कुणी काढलेलं नाही.

आता चंद्रभागेचं बघा. तिच्यावर अन्याय झाला तर तिनं कुठला टाळ वाजवावा? तिला दिंडीत नंबर नाही. तिच्याकडं चोपदार जाणार कसे?

आपल्या दिंडीत एक पोरगा आहे, वकिली करतो. दिवे घाटात आमच्याबरोबर चालत होता. त्यानं विचारलं, "बुवा, शेजाऱ्यानं तुमचा बांध कोरला तर काय करता?" म्हणलं, आधी भांडतो, मग मोजणी मागवतो, मग कोर्टात जातो. "कुणाच्या नावानं जाता?" आमच्या नावानं, सातबारा आमचा आहे. मग तो म्हणाला, "नदीत कुणी घाण सोडली तर?" म्हणलं, आमचं पीक जळलं, विहीर नासली तर आम्ही जाऊ. "म्हणजे नुकसान तुमचं. भरपाई मिळाली तर तीही तुम्हाला. नदीचं जे नुकसान झालं ते कुणाच्या खात्यात?" घाट चढताना तसाही दम लागलेला, त्यात हा प्रश्न. आम्ही गप्प बसलो.

आता कुणी म्हणेल, जनहित याचिका करता येते की. येते, खोटं नाही. याच मुंबईत आरेच्या झाडांसाठी माणसं कोर्टात गेली होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. मेट्रो नको असं आम्ही म्हणत नाही. आज आम्हीच स्टेशनातनं इथवर आलो. पण तुकोबांनी ज्यांना सोयरे म्हटलं, त्यांच्या घरावर रात्री घाव पडला आणि त्यांच्या बाजूनं ओरडणाऱ्यांना आधी हे सिद्ध करावं लागतं की तुमचा यात संबंध काय.

दुसरं उदाहरण मिरजेहून पंढरपूरकडं येणाऱ्या रस्त्यावरचं. भोसे गावाला चारशे वर्षांचा म्हणतात असा वड. २०२० साली महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार होता. लोक पुढं झाले, मंत्र्यानं मंत्र्याला पत्र लिहिलं, रस्ता बाजूनं वळवायचं ठरलं. फार चांगलं झालं. पण हे झालं मर्जीनं. पत्र गेलं म्हणून वड वाचला, नसतं गेलं तर? आपल्या पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं, त्यात किती सावली गेली ते ज्यांचे पाय पोळले त्यांना विचारा. त्या झाडांसाठी कुणाचं पत्र गेलं नाही.

वकील पोरानं पुढं जे सांगितलं ते ऐकून आम्ही वाटेतच थांबलो. म्हणाला, "बुवा, आपला देव कायद्यात माणूस आहे." म्हणलं, चेष्टा करतोस का? तर नाही. शंभर वर्षांपूर्वी, आपली दिंडी निघाली त्याच सुमाराला, १९२५ साली, कलकत्त्याच्या एका घराण्यातल्या देवाचा खटला विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. भाऊबंदांत वाद होता, देव कुणाच्या घरी किती दिवस ठेवायचा. सायबाच्या कोर्टानं सांगितलं, देव म्हणजे ताटवाटीसारखी वाटून घ्यायची वस्तू नाही. कायद्याच्या नजरेत ती व्यक्ती आहे, तिची इच्छा बघावी लागेल, आणि वादात ज्याचा स्वार्थ नाही असा कुणीतरी तिच्या बाजूनं उभा करा. म्हणून तर आज देवाच्या नावानं जमीन असते, देव दावा लावू शकतो. इनाम जमिनीच्या उताऱ्यावर देवाचं नाव असतं. पुजारी मालक नाही, तो सांभाळणारा, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं. आपल्या पंढरीचं तर तुम्ही जाणताच. १९७३ ला पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, मग बडवे-उत्पातांचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात, २०१४ ला निकाल. अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला देवसुद्धा कोर्टाच्या पायरीपासून सुटला नाही.

त्यातली एक गंमत सांगतो. कायद्यात देव अज्ञान धरतात. म्हणजे लहान मूल. ज्ञानियांच्या राजाचा देव, आणि कोर्टात अज्ञान! आम्ही हसलो. पण शेतकऱ्याला यातलं सगळं कळतं. आमचा धाकटा भाऊ वारला तेव्हा त्याचा पोरगा पाच वर्षांचा. सातबाऱ्यावर पोराचं नाव लागलं आणि पुढं अपाक, म्हणजे अज्ञान पालन करता, म्हणून आईचं नाव. त्या पोराला लिहिता येत नव्हतं, बोलायला धड येत नव्हतं, पण आम्हा मोठ्यांची त्याच्या हिश्शाचं वाटोळं करायची हिंमत नव्हती. आई पालक, आणि मागं कायदा. मग आमच्या डोक्यात आलं, त्या पाच वर्षांच्या पोराला जे मिळालं ते भीमेला का मिळू नये? उताऱ्यावर लिहा, भीमा नदी, अपाक अमुक अमुक.

वडिलांच्या गिरणीचं घ्या. गिरणी म्हणजे कंपनी. कंपनीला हात नाहीत, पाय नाहीत, भूक लागत नाही, तरी ती कायद्यात व्यक्ती. भोंगा बंद झाला, साचे भंगारात गेले, कामगार गावी गेले, तरी कंपनी जिवंत. तिच्या नावावर जमीन, तिच्या बाजूनं मोठे वकील. आणि जी शंभर गावांना पाणी पाजते ती नदी कायद्यात कुणीच नाही. हा हिशेब आम्हाला चौथीच्या गणितात बसत नाही.

हे खूळ काही आमच्या एकट्याच्या डोक्यात आलेलं नाही. न्यूझीलंड देशात व्हांगानुई नावाची नदी आहे. तिथले मूळचे माओरी लोक म्हणतात, ती आमची पूर्वज. सरकारशी त्यांनी शंभराहून जास्त वर्षं झगडा केला, आणि मार्च २०१७ ला तिथल्या पार्लमेंटनं कायदा केला. डोंगरापासून समुद्रापर्यंत, उपनद्यांसकट, ती नदी एक जिवंत व्यक्ती. तिचे पालक दोन, एक सरकारचा आणि एक नदीच्या लोकांचा. लगेच त्याच महिन्यात आपल्याकडं उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. आनंद झाला, पण टिकला नाही. सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं. म्हणालं, या नद्या दुसऱ्या राज्यांतनं पण जातात, त्याचं काय? आणि पुरात माणसं बुडाली तर भरपाई कुणाकडं मागायची, नदीकडं? जुलैमध्ये स्थगिती आली. पुढं २०२० ला चंदीगडच्या सुखना तलावाला पंजाब-हरियाणा हायकोर्टानं जिवंत ठरवलं, आणि पालक कोण, तर त्या शहरातले सगळे नागरिक. आपल्या राज्यात अजून असा कायदा नाही.

पुराचा सवाल मात्र झटकून टाकू नका, आम्ही काठावरचे आहोत. आमच्या मते यात कोण कुणाच्या घरात शिरलं ते आधी बघावं. नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखतात. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदाच्या पुराची लाल. म्हणजे सातबारा नसला तरी नदीची मोजणी झालेली आहे! निळ्या रेषेच्या आत भराव टाकायचा, बंगले बांधायचे, आणि ती आली की म्हणायचं नदीनं नुकसान केलं. बांध कोरणारा शेजारी पण असंच बोलतो.

आता आपल्या वाटेचा विचार करा. आळंदीला इंद्रायणी, पुण्याला मुळा-मुठा, सासवडला कऱ्हा, मग नीरा, तिथं माऊलींच्या पादुकांना स्नान. आपण एकेक नदी ओलांडत पंढरीला जातो. त्या पण जातात. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला, कऱ्हा नीरेत आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत. आपण अठरा-वीस दिवस चालतो, त्यांची वारी बारा महिने चालू. फरक एवढाच, की आपल्याला वाटेत लोक चहा-पोहे देतात, आणि त्यांच्या पदरात पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पडतं. आळंदीला इंद्रायणीवर साबणासारखा फेस तरंगतो, त्यात बायका अर्घ्य देतात. ज्या इंद्रायणीनं तुकोबांच्या गाथेचे कागद तेरा दिवस सांभाळले, तिच्या नावाचा एक कागद आपल्याला करता येईना. २०१६ साली नमामि चंद्रभागा योजना जाहीर झाली, २०२२ पर्यंत नदी निर्मळ करायची ठरली होती. योजना असते तोवर असते. सरकार बदललं, साहेब बदलला की ती कपाटात जाते. हक्क कपाटात ठेवता येत नाही.

दुसऱ्याकडं बोट दाखवून झालं, आता आपलं. पंढरपूरच्या वाळवंटातली घाण आणि ती हातानं उपसणारी माणसं, यावरनं हायकोर्टात खटला चालला. कोर्टानं वाळवंटात तंबू-राहुट्यांवर बंधनं घातली तेव्हा आपल्यातले पुष्कळ चिडले. आम्ही तर तावातावानं बोललो, परंपरेत कोर्टाचा काय संबंध! पुढं पैलतीरावर पासष्ट एकरांत दिंड्यांची सोय झाली. एका पहाटे आम्ही वाळवंटातनं चालत होतो, आणि खरं सांगतो, पाय ठेवायला जागा शोधावी लागली. ती घाण पुण्याहून आलेली नव्हती. जुनी धोतरं, पत्रावळ्या, प्लास्टिकच्या बाटल्या, सगळं माळ घातलेल्यांचं. त्या दिवशी नदीला टाळ असता तर तिनं तो आपल्याविरुद्ध वाजवला असता.

आणखी जवळचं सांगतो. भीमेवर आमची पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे. कांद्याला पाणी तिचंच. तणनाशक, युरिया, सगळं पावसाबरोबर तिच्यातच जातं. हा विषय गावात काढला तर भावकी म्हणाली, "बुवा, नदीला हक्क दिला तर पहिली मोटार तुमचीच उचलतील." असं होईल का? मोटारी सरसकट बंद होतील असं आम्हाला वाटत नाही, नदीचा हक्क म्हणजे माणसानं तहानेनं मरावं असं नाही. पण मोजून पाणी घ्या, उन्हाळ्यात धार तुटू देऊ नका, असं पालक म्हणाले तर ते ऐकावं लागेल. आमच्या कांद्याचं एखादं वाफं कमी होईल. हे मान्य आहे का, असं आम्ही स्वतःला विचारलं. पहिल्या दिवशी उत्तर नाही आलं. महिन्याभरानं आलं. मान्य आहे. मुलाला अजून मान्य नाही, घरात वाद चालू आहे, तेही सांगून ठेवतो.

एक जुने वारकरी आम्हाला म्हणाले, "चंद्रभागा आई आहे. आईला कशाला कायद्याचा कागद?" बोलणं गोड आहे. पण मायबाप, नायगावच्या या चाळींत तुमच्या आयांनी आयुष्य काढलं. आता चाळी पाडून टॉवर होतायत, तर घर कुणाच्या नावावर लागणार, पावती कुणाची, रेशनकार्ड कुणाचं, याच्यासाठी तुम्ही किती कागद गोळा केले? आई आहे म्हणून कुणी कागद सोडला का?

तर आमचं मागणं असं. शताब्दीच्या या वर्षात आपल्या दिंडीनं ठराव करावा, की भीमाशंकरपासून खाली, इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरेसकट भीमा नदीला कायद्यानं व्यक्ती मानावं आणि तिला पालक नेमावेत. पालकांत नुसते साहेब नकोत. ज्यांचा कारखाना काठावर आहे ते तर नकोतच. पंढरपूरचा होडीवाला कोळी असावा, काठावरचा शेतकरी असावा, नदीचं शास्त्र शिकलेलं कुणी असावं, आणि एक वारकरी असावा. आमची सूचना अशी, की ती वारकरी बाई असावी. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन नदीचं पाणी घालत ती पंढरीपर्यंत चालते, तिला पाण्याची किंमत पुरुषांपेक्षा जास्त कळते. ठराव घेऊन बाकीच्या दिंड्यांकडं जावं. रथापुढच्या, रथामागच्या. प्रत्येक तळावर एका दिंडीशी बोललो तरी एका वारीत पुष्कळ होईल.

आणि ठराव लिहिताना खाली आधी आपल्यावरचं बंधन लिहा, मग सरकारकडचं मागणं. वाळवंटात कपडा सोडायचा नाही, पत्रावळ आपल्या ट्रकमध्ये परत आणायची. येत्या वारीत ट्रकला दोन जादा पोती बांधा, एवढं तर शासनाच्या परवानगीवाचून जमेल. वकील पोरगा मसुदा करून देतो म्हणालाय, फुकट. त्याला जेवण घाला.

नीरेवर पादुकांचं स्नान होईल त्या दिवशी ठराव मोठ्यानं वाचावा असं आम्हाला वाटतं. चोपदारांना विचारून. ते नाही म्हणाले तर समाजआरतीला आपण टाळ वाजवत राहू, ती सोय आपल्या रीतीत आहेच.

पखवाजवाले मघापासनं आमच्याकडं बघतायत, हरिपाठाची वेळ झाली. आम्ही बसतो. ठरावाचा कागद इथं वीण्याजवळ ठेवलाय, सही येत नसेल त्यानं अंगठा लावावा. पहिली सही आमची आहे, जरा वाकडी आलीय.

रामकृष्ण हरी.